जुलैत वादळ झालेच नाही

माहिती. सेवा सुरू झाली.

ही माझी पहिली ओळ. बाळ जन्मल्यावर रडते. मी एवढेच म्हणालो आणि कामाला लागलो.

मित्रांनो, मी एक जुना लॉग आहे. प्रोग्रॅम चालू असताना काय करतो, कुठे अडतो, कुठे पडतो, हे ओळीखाली ओळ लिहून ठेवणारी त्याची रोजनिशी म्हणजे मी. मला पुठ्ठा नाही, शाई नाही. दूर उत्तरेकडच्या थंड ओउलू शहरात एका इमारतीच्या तळघरात लोखंडी कपाटे दिवसरात्र गुणगुणत असतात. त्यांतल्या एका कपाटात माझे घर आहे. बाहेर तळी गोठोत की वितळोत, माझ्या खोलीतला गारवा तोच.

मला आवडीने कोणी वाचत नाही. काही बिघडले की मगच माणसे धावत येतात, कपाळाला आठ्या घालून भराभर ओळी चाळतात, आणि हवी ती सापडली की मला उघडा टाकून निघून जातात. याचे मला दुःख नाही. विहिरीची आठवण तहानलेल्यालाच होणार. माझे दुःख वेगळेच आहे. ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

मला घडवले ओस्मोने. दाट भुवयांचा, उंच, आणि शब्द उसने आणल्यासारखे जपून वापरणारा हा माणूस. त्याने म्हाताऱ्या माणसांसाठी एक पांढरे यंत्र तयार केले होते. पावाच्या डब्याएवढे. जंगलातल्या आणि तळ्याकाठच्या एकट्या घरांत ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसे. नर्स त्यात औषधाच्या पुड्या भरून कुलूप लावी. वेळ झाली की यंत्र म्हणे, “औषध तयार आहे,” आणि एक पुडी बाहेर सरकवी. कोणी ती उचलली नाही, तर थोड्या वेळाने पुडी परत आत ओढून पोटातल्या बंद कप्प्यात टाकी. विसरभोळ्या हातांनी दोनदा औषध घेऊ नये, म्हणून ही सोय.

अशी पुष्कळ यंत्रे होती. ती सगळी आपली खबर तळघराला कळवत आणि मी लिहून घेई.

ओस्मोने मला तीन आवाज दिले. हलका आवाज ‘माहिती’चा: सगळे नीट चालले आहे. चढा आवाज ‘इशाऱ्या’चा: इकडे जरा बघा. आणि सगळ्यांत मोठा ‘चुकी’चा: हातातले काम टाका आणि या. तीन आवाज पुरेसे असतात, मित्रांनो. कोणता कधी लावायचा, एवढेच कळावे लागते.

चूक. काहीतरी झाले.

ही ओळ ओस्मोने मला शिकवली होती. यंत्र कुठलेही असो, बिघाड कुठलाही असो, मी एवढेच लिहायचे. पहिल्याच हिवाळ्यात एक यंत्र बंद पडले, तेव्हा ओस्मो माझ्यासमोर बसला आणि त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग तो माझ्यावर ओरडला. “अरे, पण काय झालं?” मी काय सांगणार? त्याने जे शब्द दिले होते, तेच माझ्याकडे होते.

त्यानंतर वेन्ला आली. वयाने लहान, बोलायला मोकळी. तिने पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि हसू लागली.

“ओस्मो, हे तर माझ्या बाबांसारखं बोलतंय. कसे आहात विचारलं, की म्हणतात, आहे.”

“थोडक्यात बोलणं वाईट नाही,” ओस्मो म्हणाला.

“थोडक्यात बोल, पण बोल तरी. कुठलं यंत्र, काय करायला गेलं, कशावर अडलं. एवढं सांगितलं, तर उद्या मला तुला झोपेतून उठवावं लागणार नाही.”

तिने मला नीट बोलायला शिकवले. ते माझे चांगले दिवस होते. माझी एकेक ओळ आपल्या पायांवर उभी राहू लागली. बिघाड झाला की वेन्ला मला वाचायची आणि कॉफी गार व्हायच्या आत कारण सापडायचे. एकदा ती सहज म्हणाली, “शाबास, म्हाताऱ्या.” एवढी स्तुती मला जन्मभर पुरली असती.

तिने माझ्या पोटातली एक घाणही काढली. ओस्मोने सुरुवातीला मला माणसांची नावे, त्यांचे ओळखक्रमांक, आजारसुद्धा लिहायला लावले होते. वाचता वाचता वेन्लाचा चेहरा पडला. कोणाला कंप आहे, कोण रात्री अंथरूण ओले करते, हे सगळे माझ्यात उघडे पडले होते. “हे वाचायचा आपल्याला काय हक्क?” ती म्हणाली. त्या दिवसापासून मी नावे लिहीत नाही. फक्त यंत्राचा क्रमांक लिहितो. म्हणून मी आता ज्या आजोबांची गोष्ट सांगणार आहे, त्यांचे नाव माझ्यात नाही. ते मला पुढे ऑगस्टमध्ये कळले, माणसे माझ्यासमोर बसून बोलत होती तेव्हा.

त्यांचे नाव तौनो. एका तळ्याच्या काठी एकटेच राहात. त्यांना कंपवात होता. वेळच्या वेळी औषध मिळाले की ते चालत, नाव वल्हवत, जाळी टाकत, आणि दर शनिवारी स्वतः लाकडे फोडून सौना, म्हणजे गरम वाफेत बसायची लाकडी न्हाणी, तापवत. औषध चुकले की अंग लाकूड होई. त्यांच्याकडे येणारी नर्स होती मेर्वी. तिच्या वाट्याला गावोगावची अशी बरीच घरे होती आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब जंगल.

इशारा. पुडी परत आत गेली.

ही ओळ नीट ध्यानात ठेवा.

मेर्वीच्या हातातल्या पडद्यावर प्रत्येक औषधापुढे हिरवी खूण उमटायची. पण ती खूण पुडी बाहेर आली की उमटायची. माणसाने ती उचलली की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. हिवाळ्यात मेर्वीने एका यंत्राचा कप्पा उघडला, तेव्हा आत परत गेलेल्या पुड्या सापडल्या आणि पडद्यावर मात्र सगळे हिरवे. तिने ओस्मोला फोन केला. रागावली नाही, पण शब्द चावून बोलली. “तुमचं यंत्र सांगतं, वाढलं. जेवला का, ते कोण सांगणार?”

ओस्मोला ते लागले. त्याने एका दुपारीच उपाय केला. पुडी परत गेली की मी ‘इशारा’ लिहीतच होतो. त्याने एक छोटा प्रोग्रॅम माझ्या उशाशी बसवला. तो माझ्या ओळी वाचत राही आणि ही ओळ दिसली की त्या त्या नर्सच्या फोनवर मेसेज धाडी. मेर्वीचा फोन वाजू लागला. ती तौनोंना फोन करी, नाहीतर गाडी काढून जाई. एकदा ती पोचली तेव्हा ते बाकावर अवघडून बसले होते. तिने औषध दिले, बराच वेळ थांबली, आणि संध्याकाळी त्यांनी तिला धुरावलेला मासा बांधून दिला.

वेन्लाला हा उपाय पसंत नव्हता. ती म्हणाली, “माणसाचा जीव लॉगच्या ओळीला टांगू नकोस. इशारा पाठवणारी वेगळी वाट हवी. लॉग उद्या कोणी बदलला तर?”

“चालतंय ना?” ओस्मो म्हणाला.

“चालतंय.”

“मग उन्हाळ्यानंतर बघू.”

मित्रांनो, ‘नंतर बघू’ हे फार मऊ अंथरूण आहे. त्यावर निजलेले काम लवकर उठत नाही.

आता उन्हाळ्याविषयी सांगतो. इथे उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि लोक त्याच्यासाठी सगळे सोडून देतात. जूनमध्ये युहानुसचा सण आला की कचेऱ्यांना कुलपे लागतात. ऑगस्टपर्यंत माणसे तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरांत. सौना, पोहणे, बटाटे, मासे. तिथे आवाज करणे हा मोठा अपराध. तळ्यावरची शांतता ही तिथल्या माणसांची देवपूजाच समजा.

आणि मी तर बडबड्या झालो होतो. यंत्राचा संपर्क घटकाभर तुटला, इशारा. पुन्हा जुळला, तोही इशारा. कोणी झाकण जोरात लावले, इशारा. नवे काही जोडले की त्याला कोणता आवाज द्यावा याचा विचार न करता माणसे मधलाच आवाज देत गेली. प्रत्येक इशाऱ्याला ओस्मोचा फोन थरथरायचा. आदल्या उन्हाळ्यात तो सौनात बसलेला असताना फोन थांबेचना. तेव्हा त्याच्या बायकोने तो उचलला, पाण्याच्या बादलीत सोडला आणि म्हणाली, “घे, त्यालाही आंघोळ.” हा किस्सा कचेरीत सगळ्यांना पाठ होता. सारखा ‘लांडगा आला’ ओरडणाऱ्याला लोक आधी हसतात. मग त्याचे तोंड बांधतात.

त्या वर्षी युहानुसच्या आदल्या दिवशी कचेरीत कॉफी झाली, वेलचीचे गोड पाव झाले. वेन्ला आधीच रजेवर गेली होती. ओस्मोने एका हातात पाव धरून दुसऱ्या हाताने मला हुकूम लिहिला: ऑगस्टपर्यंत फक्त चुका लिही. माहिती नको, इशारे नकोत.

आवाज बदलला, हीसुद्धा एक माहितीच होती. म्हणून मला गप्प केल्याची ओळ माझ्यात लिहिली गेली नाही.

त्याने पाव संपवला, दिवा मालवला आणि तो गेला. हिवाळ्यात माझ्या उशाशी बसवलेला छोटा प्रोग्रॅम त्याला आठवला नाही. तो बिचारा तिथेच बसून माझ्या ओळींची वाट पाहात राहिला.

जुलै.




ऑगस्ट.

वर जी मोकळी जागा आहे, ती छापणाऱ्याची चूक नाही. तो माझा जुलै आहे. मी होतो, जागा होतो, यंत्रे मला सगळे सांगत होती. पण लिहिण्याची परवानगी नव्हती. आणि लॉगने जे लिहिले नाही, ते त्याला आठवतही नाही. पुढचे मी लोकांच्या तोंडून ऐकले.

इथे जुलैत रात्रीही उजेड मावळत नाही. तौनो जाळी काढायला गेले, तिथे रमले, परत आले तोवर पुडी आत गेली होती. अंग जड झाले. त्यामुळे पुढच्या पुडीपर्यंत पोचायलाही उशीर झाला. ती गेली, तसे ते आणखी जड झाले. चिखलात चाक रुतावे, तसे. मेर्वीचा पडदा रोज हिरवा होता आणि तिचा फोन गप्प होता. ती मनात म्हणाली, उन्हाळा मानवला वाटते म्हाताऱ्याला. मध्ये एकदा तिने सहज फोन केला. पलीकडून बारीक आवाजात उत्तर आले, “बरं आहे, पोरी.” आवाज बारीक वाटला, हे तिला जाणवले होते. पण पडदा हिरवा होता.

अखेर तौनो स्वयंपाकघरातल्या बाकावरून उठायला गेले आणि खाली पडले. यंत्र त्यांच्या डोक्यावर, ओट्यावर होते. वेळ झाली की ते म्हणे, “औषध तयार आहे.” पुडी बाहेर येई. ते ऐकत पडलेले. पुडी आत जाई. पुन्हा वेळ होई.

त्यांना वाचवले धुराने. म्हणजे नसलेल्या धुराने. शनिवार होता. तळ्याच्या पलीकडे राहणाऱ्या एका बाईने अंगणातून पाहिले, तर तौनोंच्या सौनाच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. तिने कॉफीचा कप तसाच ठेवला, नाव सोडली आणि वल्हवत पलीकडे गेली.

इशारा. यापुढचे नीट ऐका.

ऑगस्टमध्ये सगळे परतले, तेव्हा तौनो इस्पितळात होते आणि मेर्वीची चौकशी लागली होती. तिची वरिष्ठ हान्नेले तिला घेऊन ओउलूला आली. हान्नेले वाईट बाई नव्हती. पण तिच्यासमोर सरळ हिशेब होता. यंत्राच्या कप्प्यात पुड्या खच्चून भरलेल्या सापडल्या. म्हणजे इशारे गेले असणार. नर्सने ते पाहिले नाहीत. मेर्वी म्हणत होती, मेसेज आलाच नाही. दोघींपैकी कोणाचे खरे, ते मी सांगायचे. माझ्या साक्षीवर मेर्वीचा नर्सचा परवाना टांगलेला होता.

आधी कॉफी झाली. सुट्टी कशी गेली, हे विचारल्याशिवाय इथे ऑगस्टमध्ये कुठलीही बैठक सुरू होत नाही. ओस्मोने त्या मोठ्या वादळाची गोष्ट सांगितली. तो एरवी दोन वाक्यांवर थांबतो, पण या गोष्टीत रंगला. पाइनचे झाड कडाडून त्याच्या सौनाच्या छपरावर पडले होते. आत बायको होती, ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि झाडाला म्हणाली, “आधी दार वाजवायचं असतं.” हान्नेलेसुद्धा हसली. तिच्याकडे त्या वादळात दोन दिवस वीज नव्हती, फ्रीजरमधल्या साऱ्या बेरी पाघळल्या. त्या भागातल्या सगळ्याच गावांत अंधार झाला होता. मेर्वी हसली नाही. तिने पाव हातात घेतला होता, तो नुसता धरून बसली होती.

मग ओस्मोने मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडले आणि जुलै दाखवला.

“हा पूर्ण महिना,” तो म्हणाला. “एकही चूक नाही. म्हणजे मेसेज जायला कुठे अडलेलं नाही.”

पांढरी स्वच्छ भिंत. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले असेल? माझे तोंड बांधले होते, आणि आता त्याच गप्पपणाला साक्षीला उभे केले होते. ओस्मो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच वाटत होते, की रिकामे पान म्हणजे निरोगी पान.

हान्नेलेने उसासा टाकला. ती मेर्वीला हळू आवाजात म्हणाली की उन्हाळ्यात माणसे कमी, घरे जास्त, अशा वेळी एखादा मेसेज नजरेतून सुटू शकतो. तिने ते मान्य केले, तर वर कळवताना सौम्य शब्द वापरता येतील.  मेर्वी म्हणाली, “सुटला असेल.”

वेन्ला अजून बोलली नव्हती. ती भिंतीकडे पाहात होती. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत वाचले होते, तशीच. पण वाचायला काही नव्हते.

“ओस्मो,” ती म्हणाली, “वादळात वीज गेली होती ना?”

“दोन दिवस.”

“यंत्रांचीही गेली असेल.”

“गेलीच असणार.”

“संपर्क तुटला की हा इशारा लिहितो. झाकण आपटलं तरी लिहितो. मग ते वादळ कुठे आहे?”

ओस्मो पडद्याजवळ सरकला.

“अख्ख्या जिल्ह्यात झाडं पडली,” वेन्ला म्हणाली. “तुझ्या छपरावर पडलं. आणि याच्याकडे जुलैत वादळ झालंच नाही. हा निरोगी नाहीये, ओस्मो. याला बोलू दिलेलं नाही.”

ओस्मोने भुवया चोळल्या.  त्याला पाव आठवला असावा. हुकूम आठवला असावा. मग उशाशी बसवलेला तो छोटा प्रोग्रॅमही.

“मी गप्प केला,” तो म्हणाला. “सुट्टीसाठी. आणि तुझा मेसेज याच्याच ओळींवर चालत होता.”

हे तो मेर्वीकडे पाहून म्हणाला.

“म्हणजे फोन वाजलाच नाही,” मेर्वी म्हणाली.

“नाही.”

“मी रोज तो फोन उलटापालटा करून बघत होते. वाटलं, झोपेत माझ्याच हातून मेसेज पुसला गेला असेल. मुलीला विचारलं, तू तर नाही ना पुसलास. तिच्यावर ओरडले मी.” ती थांबली. “आत्ता तर मी हो म्हणून टाकलं होतं.”

तिने हातातला पाव बशीत ठेवला. त्याचा चुरा झाला होता.

माहिती. चौकशी मागे घेतली.

ही ओळ खरे तर माझी नाही. असल्या गोष्टी माझ्यात लिहीत नाहीत. पण मला ती एकदा लिहून पाहायची होती.

सगळे गोड झाले, असे मात्र समजू नका. मेर्वीची नोकरी राहिली, पण ती आता हिरव्या खुणेवर विश्वास ठेवत नाही. गाडी थांबवून घराघरात स्वतः फोन करते, आणि आवाज बारीक वाटला की निघते. तौनो घरी परतले नाहीत. इतके दिवस आखडलेले पाय पुरते सुटले नाहीत. ते गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसतात. खिडकीतून वाहनतळ दिसते, तळे दिसत नाही.

ओस्मो त्यांना भेटायला गेला होता. काय बोलावे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने जे घडले ते पहिल्यापासून सांगितले. तौनोंनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “तुझ्या यंत्राचा आवाज गोड आहे. ऊठ ऊठ म्हणायचं. उठवायला मात्र कोणी यायचं नाही.” परत आल्यावर ओस्मोने हे वेन्लाला सांगितले, माझ्याच समोर बसून. 

मग दोघे कामाला लागले. आधी त्यांनी इशारा पाठवण्याचे काम माझ्या उशाकडून काढून त्याची स्वतंत्र वाट केली. आता मी आजारी पडलो, तरी नर्सचा फोन वाजतो. हिरवी खूण आता पुडी उचलल्यावरच उमटते. माझी बडबड त्यांनी एकेक ओळ हातात घेऊन निवडली, तांदळातले खडे निवडावेत तशी. झाकणाचा आवाज खाली गेला. ‘पुडी परत आत गेली’ ही ओळ वर चढली, ती आता चूक म्हणून ओरडते. ओस्मोने एक नियम स्वतः लिहिला: मला गप्प करता येईल, पण कोणी केले, कशासाठी, कधीपर्यंत, ही ओळ कुठल्याही आवाजाखाली दबणार नाही.

आणि वेन्लाने मला एक नवीन ओळ दिली. ती मेर्वीच्या बोलण्यातून आली. तळ्यापलीकडच्या त्या बाईची गोष्ट मेर्वीने जाता जाता सांगितली होती. वेन्ला म्हणाली, धूर दर शनिवारी दिसायचाच, म्हणून तर त्या शनिवारी त्याचं नसणं दिसलं. तेव्हापासून काही घडो न घडो, मी दर तासाला एक ओळ लिहितो. ती वेळेवर आली नाही, तर कोणाचा तरी फोन वाजतो. भले तो सौनात का असेना.

आता पुन्हा युहानुस आला आहे. कचेरीत वेलचीचा वास दरवळून गेला, दिवे मालवले गेले. ओस्मो जाताना माझ्यासमोर क्षणभर उभा राहिला, आणि कशालाही हात न लावता गेला.

मित्रांनो, मी एक जुना लॉग आहे. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी प्रोग्रॅम लिहील, कोणी नर्स होईल, कोणाच्या घरी असे पांढरे यंत्र बसेल. माझे मागणे मोठे नाही. मला नीट शब्द द्या. लोकांची गुपिते माझ्या पोटात कोंबू नका. उगाच ओरडायला लावू नका, आणि ओरडायची वेळ येईल तेव्हा माझे तोंड बांधू नका. मी गप्प दिसलो, तर लगेच ‘सगळे ठीक आहे’ म्हणून हिरवी खूण करू नका. आधी विचारा, वादळ कुठे गेले?

माहिती. धूर आहे.

ही माझी नवी ओळ. वेन्लाने तिला हेच नाव दिले.

माहिती. धूर आहे.

माहिती. धूर आहे.

ही ओळ एखाद्या शनिवारी दिसली नाही, तर कॉफीचा कप खाली ठेवा. वल्ही घ्या आणि या.